‘स्लाउच’ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एक इंग्रजी कादंबरी वाचताना विचारणाऱ्यांना ‘स्लाउच’ हा शब्द तीनदा भेटला. सुरुवातीला एक माणूस ‘स्लाउच्ड इन हिज चेअर’. कोशात ‘वाकून बसणे, बेंगरूळपणे चालणे’ असे अर्थ मिळाले, ते तिथे कसेबसे बसले. पुढे एक मुलगी ‘स्लाउच्ड आउट ऑफ द किचन’. ती काय वाकून स्वयंपाकघराबाहेर गेली? आणि शेवटी बुद्धिबळ खेळणाऱ्या एका पात्राबद्दल ‘ही इज नो स्लाउच’. तिथे पाठीचा, वाकण्याचा कशाचाच संबंध दिसेना. म्हणून त्यांनी विचारलंय की या शब्दाचा नेमका अर्थ काय, ‘स्लम्प’ आणि ‘स्टूप’पेक्षा हा वेगळा कसा, आणि आजारी किंवा म्हाताऱ्या माणसाबद्दल तो वापरला तर चालेल का.

मी इंग्रजी कथा-कादंबऱ्या आणि मालिकांचे संवाद मराठीत आणण्याचं काम करते. हा शब्द त्या कामात वारंवार वाट अडवतो, त्यामुळे जरा ऐसपैस लिहिते. ‘स्लाउच म्हणजे अमुक’ असं एका शब्दाचं उत्तर मात्र देता येणार नाही. कोण बसलंय, कशावर बसलंय, त्याच्याकडे कोण बघतंय आणि बघणाऱ्याला त्याच्याबद्दल काय वाटतंय, यावर मराठी शब्द ठरतो. इंग्रजी शब्दाचा गाभा मात्र एकच आहे. तो हाताला लागला की तुमची तिन्ही वाक्यं सुटतात.

तो गाभा म्हणजे सैलपणा. कोश आपल्याला शरीराचा आकार सांगतो: पाठ वाकलेली, खांदे पडलेले, मान पुढे आलेली. पण असा आकार अनेक कारणांनी होतो. ओझं उचलताना होतो, थंडीने काकडताना होतो, वयाने होतो, टेबलाखाली पडलेलं पेन शोधताना होतो. यातल्या एकालाही इंग्रजी बोलणारा माणूस स्लाउच म्हणणार नाही. ताठ बसता येत होतं, सरळ उभं राहता येत होतं, तरी त्याने स्वतःला सावरून धरायचे कष्ट घेतले नाहीत, अंग सैल सोडून दिलं, तरच तो स्लाउच. म्हणजे या शब्दात शरीर आहे तसा स्वभावही आहे, आणि माझ्या मते स्वभावाचा वाटा मोठा आहे.

शब्दाचा इतिहास पाहिला तर हे आणखी स्पष्ट होतं. आपल्याला वाटतं की आधी ‘वाकून बसणे’ हा अर्थ असेल आणि मग त्यावरून आळशी माणसाला नाव पडलं असेल. झालं उलट. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला हा शब्द इंग्रजीत दिसतो तो नाम म्हणून, आणि त्याचा अर्थ ढिला, आळशी, गबाळा माणूस. जुन्या नॉर्स भाषेत याच्याशी मिळताजुळता शब्द आहे, त्याचाही अर्थ आळशी माणूस असाच. बहुधा तिकडूनच तो आला. अशा माणसाची बसण्या-उभं राहण्याची जी ढब, तिला स्लाउच म्हणायला लागले ते अठराव्या शतकात, आणि क्रियापदही त्याच शतकातलं. आधी माणूस आला, त्याची पाठ मागून आली. म्हणूनच या शब्दाला नापसंतीचा वास येतो आणि तो धुऊन पूर्ण जात नाही.

जाता जाता एक गंमत. स्लॅक, स्लो, स्लॉथ, स्लॉब, स्लम्प, स्लगिश, स्लाउच. हे सगळे एका मुळातून निघाले असा माझा दावा नाही, पण इंग्रजी कानाला ‘स्ल’ ऐकताच काहीतरी संथ, ढिलं, घसरणारं असं वाटतं. आपल्याकडे हे काम ‘ढ’ करतो: ढिला, ढेपाळलेला, ढम्म, ढेरी आणि शाळेतला तो एकाक्षरी ‘ढ’. भाषांतर करताना वाक्यात कुठेतरी असा एखादा ‘ढ’ आणता आला तर मूळ शब्दाचा आवाजही थोडा हाती लागतो. ओढूनताणून मात्र आणू नये.

आता तुमचं पहिलं वाक्य: ‘ही स्लाउच्ड इन हिज चेअर.’ खुर्चीत असा बसलेला माणूस नीट डोळ्यांसमोर आणा. बूड पुढे सरकून सीटच्या कडेकडे आलेलं. कंबर मागे कललेली, त्यामुळे अंगाचा भार बसण्याच्या दोन हाडांवरून माकडहाडाकडे गेलेला. कमरेला एरवी आतल्या बाजूने जी कमान असते ती सपाट झालेली. पाठीचा फक्त वरचा भाग खुर्चीला टेकलेला, खाली पोकळी. छाती आत गेलेली, पोटावर घडी पडलेली, हनुवटी छातीकडे आलेली, पाय पुढे लांब सोडलेले. या चित्रात पाठ गोल झाली आहे हे खरं, पण माणूस पुढे वाकलेला नाही. तो मागे आणि खाली घसरलाय.

‘वाकून बसणे’ इथे दगा देतं ते यामुळेच. मराठी वाचकाला ‘तो खुर्चीत वाकून बसला होता’ असं सांगितलं की त्याला समोरच्या टेबलाकडे झुकलेला माणूस दिसतो. पुढे झुकणारा माणूस बहुतेक वेळा ऐकायला उत्सुक असतो, निदान लक्ष देत असतो. लेखकाला दाखवायचा असतो बरोबर उलटा माणूस: ज्याला बोलण्यात रस नाही, जो मनाने तिथून उठून गेलाय, किंवा ज्याला ‘तुमच्या बोलण्याची मला पर्वा नाही’ हे न बोलता सांगायचंय. समजा बाप चिडून बोलतोय आणि मुलगा खुर्चीत स्लाउच करून बसलाय. तिथे ‘वाकून’ लिहिलं तर मुलगा एकदम आज्ञाधारक होतो आणि प्रसंगाची हवाच जाते. मी अशा जागी ‘खुर्चीत अंग टाकून बसला होता’ किंवा ‘खुर्चीत घसरून बसला होता’ असं लिहिते. पात्र उर्मट असेल तर ‘खुर्चीत पाय ताणून अस्ताव्यस्त बसला होता’ हेही चालतं. नुसता दमलेला असेल तर ‘सैलावून’ पुरतं.

माणूस कुठल्या दिशेला कललाय हे इंग्रजीत क्रियापद सांगत नाही, त्याच्यामागून येणारं शब्दयोगी अव्यय सांगतं. ‘इन’ असेल तर वर सांगितलं तसा मागे-खाली घसरलेला. ‘ओव्हर’ असेल, म्हणजे ‘स्लाउच्ड ओव्हर द डेस्क’ किंवा ‘ओव्हर हिज फोन’, तर मात्र पुढे. तिथे आपला ‘पोक काढून’ चपखल बसतो: ‘मोबाइलवर पोक काढून बसला होता.’ ‘अगेन्स्ट’ असेल तर भिंत, खांब, दाराची चौकट असा काहीतरी आधार आहे: ‘चौकटीला अंग टाकून उभा होता.’ इथे ‘रेलून’ही चालतं, पण रेलण्यात थोडी ऐट आणि आराम असतो, स्लाउचमध्ये ती असेलच असं नाही. आणि काहीच आधार नसेल, माणूस नुसता रांगेत उभा असेल, तर ‘खांदे पाडून उभा होता’. तेव्हा कोश उघडण्याआधी पुढचा शब्द वाचा.

‘पोक काढून’बद्दल थोडं आणखी, कारण मराठीत स्लाउचचा सगळ्यात जवळचा नातेवाईक तोच. त्याच्यात आकार आहे, सैलपणा आहे आणि टोचणीही आहे. ‘पोक काढून बसू नकोस’ हे वाक्य आपण कौतुकाने कधीच ऐकलेलं नसतं. शिवाय ‘पोक काढणे’ हे माणूस स्वतः करतो आणि ‘पोक येणे’ हे माणसाला होतं, असा सुंदर भेद मराठीत आयता आहे. स्लाउच म्हणजे पोक काढणे. पोक येणे म्हणजे स्लाउच नव्हे. मर्यादा एवढीच की पोक फक्त पाठीपुरतं असतं. इंग्रजी शब्द खांदे, मान, गुडघे, चाल, सगळ्या अंगाला लागू होतो. त्यामुळे चालणाऱ्या माणसाला ‘पोक काढून’ लावलं की वाचकाला नुसती पाठ दिसते, बाकीचा माणूस दिसत नाही.

‘डोन्ट स्लाउच!’ ही आज्ञा इंग्रजी संवादांत फार येते. तिचं ‘पोक काढू नकोस’ बरोबरच आहे, पण मराठी आई, आजी, मास्तर यांच्या तोंडून सहज येतं ते ‘ताठ बस’ किंवा ‘नीट बस’. नकाराचा होकार केला तरी अर्थ जागचा हलत नाही आणि वाक्य घरातलं वाटतं. फक्त पडद्यावर मूल बसलंय की उभं आहे हे बघावं लागतं. इंग्रजीचं एकच वाक्य दोन्हीकडे चालतं. आपल्याला ‘ताठ बस’ आणि ‘सरळ उभी राहा’ यांतलं एक निवडावं लागतं. संवादांची नुसती संहिता हातात आली आणि चित्र नसलं की इथे अंदाजाने काम करावं लागतं, आणि ते मला अजिबात आवडत नाही.

दुसरं वाक्य, ‘शी स्लाउच्ड आउट ऑफ द किचन.’ क्रियापदाच्या पुढे ‘आउट’, ‘अवे’, ‘ऑफ’, ‘अलाँग’, ‘अक्रॉस’ असं दिशा सांगणारं काही आलं की स्लाउच ही चाल होते. इंग्रजीला ही सवयच आहे: कसं गेली ते क्रियापदात ठेवायचं आणि कुठे गेली ते पुढच्या शब्दात. मराठीत ‘गेली’ हे क्रियापद मधोमध बसवून ‘कसं’ त्याच्या आधी जोडावं लागतं. तर कसं? खांदे पडलेले, नजर खाली, पावलं उचलायचा कंटाळा आल्यासारखी. रुसलेल्या किंवा वैतागलेल्या किशोरवयीन मुलीला ‘पाय ओढत स्वयंपाकघरातून निघून गेली’ हे मला सगळ्यात बरं वाटतं. ‘रमतगमत’ नको, त्यात मजा आहे. ‘रेंगाळत’ वेळ सांगतं, अंग सांगत नाही. ‘घुटमळत’मध्ये जावं की न जावं अशी द्विधा आहे आणि स्लाउचमध्ये द्विधा नाही; तिला जायचंय, फक्त उत्साहाने जायचं नाही. ‘तोंड पाडून’ हे वाक्याच्या आसपास चेहऱ्याचा उल्लेख असेल तरच घ्यावं. नाहीतर लेखकाने न दाखवलेला चेहरा आपण आपल्या पदरचा काढतो.

व्याकरणाची एक बारीक अडचण आहे, ती अनुवाद करणाऱ्यांनाच जास्त जाणवेल. ‘ही स्लाउच्ड इन द चेअर’ या वाक्याचे दोन अर्थ होतात. एक, तो त्या क्षणी खुर्चीत घसरला, म्हणजे कृती झाली. दोन, तो आधीपासूनच तसा बसलेला होता, म्हणजे स्थिती. इंग्रजीत दोन्हीला एकच रूप चालतं. मराठीत ‘त्याने खुर्चीत अंग टाकलं’ आणि ‘तो खुर्चीत अंग टाकून बसला होता’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत आणि एक निवडल्याशिवाय गत्यंतर नाही. मागचं वाक्य बघायचं. तिथे काही वाईट बातमी आली असेल, कुणी ओरडलं असेल, तर बहुधा ती प्रतिक्रिया आहे, कृती घ्या. प्रकरणाची सुरुवात असेल, खोलीचं वर्णन चाललं असेल, तर स्थिती. ‘सॅट स्लाउच्ड’ किंवा ‘वॉज स्लाउच्ड’ असं असेल तर प्रश्नच नाही, ती स्थितीच.

आता बाकीची भावंडं. इथे विचारणाऱ्यांनी ‘स्लम्प’ आणि ‘स्टूप’ ही दोनच नावं घेतली आहेत, पण गोंधळ घालणारे आणखी आहेत.

‘स्लम्प’मध्ये बळ जातं. माणूस एकदम, आपल्या वजनानेच खाली येतो: चक्कर आली, झोप लागली, धक्का बसला. बेशुद्ध माणूस स्लम्प होऊ शकतो, स्लाउच होऊ शकत नाही, कारण स्लाउच करायला शुद्ध लागते. रहस्यकथेत गाडीच्या स्टिअरिंगवर मेलेला माणूस ‘स्लम्प्ड’ सापडतो. ‘स्लाउच्ड’ लिहिलं तर तो जिवंत आहे आणि कंटाळलाय असं वाटेल. मराठीत ढेपाळणे, कोसळणे, गळून पडणे. बाजारातल्या मंदीलाही स्लम्प म्हणतात, तेही याच घसरणीवरून. तिथे स्लाउच कधीच येत नाही.

‘स्टूप’मध्ये एक तर हेतू असतो किंवा वय. उंच माणूस बुटक्या दारातून जाताना स्टूप करतो, खाली पडलेलं उचलायला स्टूप करतात. हे कमरेतून ओणवणं, लवणं आहे आणि त्यात ढिलाई नाही. म्हातारपणी पाठीला जो बाक येतो तोही स्टूप. नैतिक घसरणीलाही हाच शब्द: इतक्या खालच्या थराला जाणे.

‘हंच’ हा स्लाउचच्या अगदी उलट आहे, पण लोक दोघांची सरमिसळ करतात कारण दोन्हींत पाठ गोल होते. हंचमध्ये खांदे वर, कानांकडे येतात आणि डोकं आत जातं. स्नायू आवळलेले असतात. थंडी, भीती, किंवा कामात बुडून जाणं. मराठीत ‘अंग चोरून’ हा वाक्प्रचार त्यासाठीच जन्माला आल्यासारखा आहे. आखडलेला तो हंच, सोडलेला तो स्लाउच. खांदे कुठे आहेत एवढं पाहिलं तरी निवाडा होतो.

‘क्राउच’ यमक जुळतं म्हणून घोटाळा करतो. क्राउच म्हणजे गुडघ्यांत वाकून खाली बसणं, उकिडवं, प्रसंगी दबा धरून. तिथे अंग उडी मारायच्या तयारीत असतं. ‘ड्रूप’ बहुधा एखाद्या भागाला लागतो: फुलं, पापण्या, मिशा, खांदे. मराठीत माना टाकणे, लोंबणे. ‘स्प्रॉल’ म्हणजे हातपाय पसरणं आणि ‘लाउंज’ म्हणजे आरामात लोळणं; या दोघांना मराठीत शब्दांची वानवा नाही, त्यामुळे त्यांच्यावर वेळ घालवत नाही.

आजारी किंवा म्हाताऱ्या माणसाबद्दल स्लाउच वापरावा का? बहुतेक वेळा नाही, आणि कारण आतापर्यंत लक्षात आलं असेलच. हा शब्द वापरताना आपण गृहीत धरतो की या माणसाला मनात आणलं तर ताठ होता येईल. हाडं ठिसूळ झाल्यामुळे मणके दबून ज्या बाईंच्या पाठीला बाक आलाय त्यांना ते शक्य नाही. पार्किन्सन्सच्या रुग्णाची पुढे झुकलेली ठेवण डॉक्टर ‘स्टूप्ड’ अशीच नोंदवतात. किशोरवयातल्या मुलांचंही असंच. काही मुलांची पाठ नुसत्या सवयीने गोल दिसते आणि ‘ताठ हो’ म्हटलं की सरळ होते. काहींच्या मणक्यांची वाढच पाचरीच्या आकाराची झालेली असते, त्याला शॉयरमन्स डिसीझ म्हणतात, आणि तो बाक सांगून जात नाही. पहिल्या मुलाला स्लाउच म्हणता येईल. दुसऱ्याला म्हणणं चूक आहे आणि लागणारंही आहे. मी हीच कसोटी कथेतही लावते: या पात्राला कुणी दटावलं तर ते सरळ बसू शकेल का? शकत असेल तर स्लाउच. नसेल तर स्टूप, आणि अशक्तपणा असेल तर स्लम्प. कुबड हा शब्द मात्र मी अशा ठिकाणी सहसा टाळते. तो मराठीत चिडवण्याचा होऊन बसलाय.

याला एक अपवाद आहे. फिजिओथेरपिस्ट, संशोधक ‘स्लाउच्ड सिटिंग’ असं लिहितात तेव्हा त्यात टीका नसते. त्यांच्यासाठी ते एका ठेवणीचं नाव आहे, बस. असा मजकूर मराठीत आणताना ‘आळसावून बसणे’ लिहिणं म्हणजे रुग्णाला उगाच बोल लावणं. तिथे ‘पाठ सैल सोडून बसणे’ किंवा ‘कंबर मागे कलंडवून बसणे’ असं कोरडं, नेमकं लिहावं.

नापसंतीचा हा वास किती गडद असेल, हे काळ आणि बोलणारा यांवरही अवलंबून असतं. अमेरिकेत 1914 साली ‘अमेरिकन पोश्चर लीग’ नावाची संस्थाच निघाली होती. ताठ पाठ म्हणजे आरोग्य, शिस्त आणि चारित्र्य, असा त्या काळचा सूर होता. त्या दिवसांतल्या शिक्षिकेच्या तोंडी स्लाउच आला तर तो जवळजवळ आरोप असतो. गंमत म्हणजे त्याच सुमारास श्रीमंत घरच्या तरुणींमध्ये ‘डेब्युटंट स्लाउच’ नावाची ढब फॅशनमध्ये होती. खांदे पाडून, कंबर पुढे काढून मुद्दाम तसं उभं राहायचं. म्हणजे वडीलधारे ज्याला ढिलाई म्हणत होते ती पोरींना ऐट वाटत होती. आजच्या कथांमध्येही हे दोन्ही सापडतं. दाराला टेकून सैलसर उभा असलेला देखणा नायक नायिकेच्या नजरेतून रंगवलेला असेल तर तिथे स्लाउच हे कौतुक आहे, आणि ‘पोक काढून’ लिहिलं तर नायकाची पार रया जाईल. ‘बेफिकीरपणे टेकून उभा होता’ म्हणा. तोच नायक, तोच दरवाजा, पण बघणारे तिचे वडील असले तर ‘हा काय ढिल्यासारखा उभा आहे’.

तिसरं वाक्य, ‘ही इज नो स्लाउच अॅट चेस.’ हा वाक्प्रचार त्या जुन्या, मूळ अर्थावर उभा आहे: स्लाउच म्हणजे ढिला, कुचकामी माणूस. ‘तो काही कुचकामी नाही’ म्हणजेच चांगला तयारीचा आहे. नकारातून केलेली ही स्तुती मराठीला नवी नाही. ‘तोही काही कमी नाही’, ‘लेचापेचा नाही’, ‘कच्चा गडी नाही’ ही सगळी याच जातीची. जुन्या वळणाचा निवेदक असेल तर ‘कच्च्या गुरूचा चेला नाही’ हे फारच छान बसतं. तुमच्या कादंबरीत मी लिहिलं असतं: ‘बुद्धिबळात तोही काही कच्चा गडी नाही.’ यात ‘तोही’मधला ‘ही’ महत्त्वाचा आहे, कारण इंग्रजीत हा वाक्प्रचार पुष्कळदा तुलनेत येतो. भाऊ नावाजलेला खेळाडू, पण बहीणही ‘नो स्लाउच हरसेल्फ’. कुणीतरी एक आधीच मोठा आहे आणि दुसऱ्याला आपण कमी लेखू नये म्हणून बोलणारा सावरतो. तुमच्या पानावर अशी तुलना नसेल तर तो ‘ही’ काढून टाका.

‘तो आळशी नाही’ असं भाषांतर मात्र करू नका. इथे प्रश्न कष्टाळूपणाचा नाही, कसबाचा आहे. कशात कसब ते ‘अॅट’ किंवा ‘इन’ लावून सांगतात: खेळात, गाण्यात, हिशेबात, स्वयंपाकात. यंत्रांबद्दलही हा वाक्प्रचार सर्रास वापरतात. गाडीच्या किंवा संगणकाच्या परीक्षणात ‘नो स्लाउच’ दिसलं तर मुद्दा वेगाचा असतो: ‘गाडी पळायलाही कमी नाही.’ स्तुती किती मोठी आहे हे सुरावर जातं. साधारणपणे ‘बरा आहे’पेक्षा नक्की जास्त, ‘अव्वल आहे’पेक्षा जरा कमी, पण कोरड्या विनोदाने बोलणारा माणूस अव्वल खेळाडूलाही ‘नो स्लाउच’ एवढंच म्हणेल. आणि याचा होकारी जोडीदार आता जवळपास नाहीसा झालाय. ‘तो बुद्धिबळात कच्चा आहे’ या अर्थाने ‘ही इज अ स्लाउच अॅट चेस’ असं सहसा कुणी म्हणत नाही. आपण तसं वाक्य केलं तर व्याकरण बरोबर असूनही ते परकं वाटेल.

कपड्यांच्या जगात या शब्दाला चक्क चांगले दिवस आले आहेत. ‘स्लाउची’ स्वेटर, बॅग, बूट म्हणजे मुद्दाम ढगळ, सैल, घड्या पडतील असे शिवलेले. ‘ढगळ’ आणि ‘सैलसर’ यांनी काम भागतं. जाहिरात असेल तर ‘सैलसर’च, ढगळमध्ये मापाने चुकल्याचा भाव येतो. ‘स्लाउच हॅट’ त्याहून जुनी. मऊ, रुंद काठाची, काठ खाली लोंबणारी टोपी. नाव त्या लोंबण्यावरून पडलं. ऑस्ट्रेलियन सैनिकांच्या डोक्यावर ती आपण फोटोंत पाहिलेली असते, डाव्या बाजूचा काठ वर दुमडलेली. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया वसाहतीच्या घोडदळ रायफलधाऱ्यांनी ती 1885 मध्ये घेतली आणि 1903 पासून ती तिकडच्या सगळ्या सैन्यात रूढ झाली. ती टोपी घालणारा सैनिक ताठच उभा असतो, तेव्हा तिचं ‘वाकडी टोपी’ वगैरे करू नका. ‘स्लाउच हॅट’ असंच ठेवा आणि हवं तर एकदा ‘रुंद काठाची’ म्हणून सांगा.

उच्चार ‘स्लाउच’, म्हणजे काउच, पाउच यांच्या चालीवर. इंग्रजी अक्षरं ‘टच’ या शब्दासारखीच असल्यामुळे आपल्याकडे ‘स्लच’ ऐकू येतं, आणि कधीकधी ‘स्लोच’ही. दोन्ही चूक.

स्वतः इंग्रजी बोलताना-लिहिताना काय करावं, हेही विचारणाऱ्यांच्या मनात असणार म्हणून सांगते. स्वतःबद्दल खुशाल वापरा, ‘आय वॉज स्लाउचिंग ऑल डे’ यात कुणाला काही लागत नाही. घरातल्या मुलांना म्हणा. सहकाऱ्याला किंवा अनोळखी माणसाला ‘यू आर स्लाउचिंग’ म्हणणं म्हणजे त्याच्या वागण्यावर शेरा मारणं, ते टाळा. ‘नो स्लाउच’ हे बोलण्यातलं, मित्रमंडळीतलं इंग्रजी आहे. एखाद्या विद्यार्थ्यासाठी शिफारसपत्र लिहीत असाल तर तिथे ते घालू नका. वाचणारा हसेल, आणि कदाचित शंकाही घेईल की स्तुती करताना यांनी नकार का वापरला. तिथे सरळ ‘हायली केपेबल’ लिहिलेलं बरं.